बाराव्या दिवशीची विहीर

१८ नोव्हेंबर १९६४

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सातवी शिकलेली आहेस ना? मग रोज काय त्रास होतो, किती ओझं उचललं, ते तारीख घालून लिहीत जा. फेब्रुवारीत कडी बदलायला येशील तेव्हा वही घेऊन ये." म्हणून मेहकरच्या स्टँडवर ही वही घेतली. जानेफळला परत येताना दोनदा उलटी झाली. मोटारीत खिडकीची जागा मिळाली नाही की माझं असंच होतं. हे दुसरीकडे तोंड करून बसले.

आता लिहिते. लाज वाटते, पण वहीला कसली लाज.

माझं अंग बाहेर येतं. बाळाच्या वेळेपासून. उभी राहिले, खोकले, घागर उचलली की खालून काहीतरी उतरायचं. पहिल्यांदा हात लागला तेव्हा वाटलं आतडंच बाहेर आलं, आता आपण मरतो. तीन पोरी आणि एक बाळ उघड्यावर टाकून मरतो. आज डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, गर्भाशय खाली सरकलंय, मरत नाही कोणी याने. आत रबराची कडी बसवून दिली. बसवताना दुखलं, पण नंतर उठून उभी राहिले तर अडीच महिन्यांत पहिल्यांदा खाली काही लोंबलं नाही. मी तिथंच रडले.

कडी म्हणजे तात्पुरतं. उन्हाळ्यात बुलढाण्याला ऑपरेशन करायचं आणि त्यानंतर तीन महिने भरली कळशीसुद्धा उचलायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळंतपणानंतर किती दिवस आराम केलास?" मी म्हणाले बारा. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवला.

१९ नोव्हेंबर

बाराची हकीकत इथंच लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

आमच्यात बाळंतीण सव्वा महिना खोलीत असते. मग विहीर पुजायची. काठावर सात खडे मांडून आसरांना, पाण्याच्या देवींना, हळदकुंकू वाहायचं, घुगऱ्या वाटायच्या आणि तिथूनच भरला हंडा डोक्यावर घेऊन घरी यायचं. विहीर पुजली की बाई पाण्याला मोकळी. पुजायच्या आधी तिला दोरीला हात लावू देत नाहीत.

तर माझ्या सासूबाईंनी, म्हणजे झुंबरबाईंनी, बाळाच्या वेळी माझी विहीर बाराव्या दिवशीच पुजली. मिरचीची तोडणी आली होती, मळ्यात वांगी लोंबत होती, घरात पाणी भरायला दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, "आत्याबाई, माझ्यात उभं राहायची ताकद नाही." तर म्हणतात कशा, "माही बी बाराव्याच दिवशी पुजली व्हती. म्या नाही मेली." तिन्ही पोरींच्या वेळी मी माहेरी होते; माय असती तर आताही भांडायला आली असती. ती नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी त्यांनी मला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, आणि हंडा डोक्यावर दिला. बाराव्या दिवसापासून रोज दहा खेपा. विसाव्या दिवशी अंग बाहेर आलं.

मी हे सोडणार नाही. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, सोडणार नाही.

२३ नोव्हेंबर

ऑपरेशनचं ह्यांच्याजवळ काढलं. जेवता जेवता म्हणाले, "बुलढाण्याले तीन हप्ते? अन् वरून तीन महिने? मंग पाणी कोण भरन?"

मी म्हणाले, "तुम्ही भरा."

हे इतके हसले की ठसका लागला. "हिंमतरावनं डोक्यावर हंडा घेतला तं गाव थुकन माह्यावर. बाईच्या जातीले असं होतंच असते. तू का एकटीच बाळंत झाली का गावात?"

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. वाटलं, निदान बाई म्हणून एक शब्द बोलतील. त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या आणि मग मागच्या अंगणात निघून गेल्या. कडी व्यवस्थित आहे. खेपा सहा.

२ डिसेंबर

आमची नणंद सिंधूताई दिवाळीला पहिल्या बाळंतपणासाठी आली ती इथंच आहे. आठवा चालू आहे. आत्याबाई तिच्यासाठी खारीक-खोबरं कुटतात, तूप कढवतात. स्वतः मात्र कामाला शिवत नाहीत. खाली बसून भाकरी थापत नाहीत, उंच पाटावर बसून थापतात. हंड्याला हात लावलेला मी नऊ वर्षांत पाहिला नाही. मेहकरच्या बाजाराला चला म्हटलं तर मोटारीचे धक्के सोसत नाहीत म्हणतात, गाडीत बसत नाहीत, लेकीच्या सासरी एकदाही गेल्या नाहीत. शिंक आली तरी भिंत धरतात, एवढी नाटकं. आणि सगळ्यांच्या आधी उठून कसली तरी फडकी धुतात आणि लुगड्याच्या आड वाळत घालतात. सासू होणं म्हणजे काय सुख आहे ते ह्यांच्याकडे पाहून कळतं.

आज मला सुचलं. सिंधूताई पुढच्या महिन्यात बाळंत होईल. घरची रीत बाराव्या दिवसाची आहे ना? मग लेकीची विहीरसुद्धा बाराव्या दिवशी पुजू. सगळ्या आळीसमोर पुजू. पोटच्या पोरीच्या डोक्यावर हंडा चढताना पाहू द्या त्यांना.

हे सुचल्यापासून अंगात बरं वाटतंय. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

८ डिसेंबर

सिंधूताईने आज सकाळी माझ्या हातातली कळशी ओढून घेतली. म्हणाली, "वयनी, तुले डॉक्टरीणनं नाही सांगतलं ना. दे इकडे." आठ महिन्यांचं पोट घेऊन चालली. मी कळशी परत घेतली आणि रागावले. ती हसली.

हिने माझ्याशी चांगलं वागू नये. मला जड जाईल.

१२ डिसेंबर

आज जे सापडलं ते लिहिते.

ऊन चांगलं पडलं म्हणून गोधड्या बाहेर काढल्या. आत्याबाईंच्या अंथरुणाखालून एक गोळा पडला. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा, पेरूएवढा, वरून घट्ट टाके घातलेला, एका अंगाला बोटभर दोरी सोडलेली. तुरटीचा आणि कडूनिंबाचा वास. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी एकदा करणीच्या गोळ्याचं सांगितलं होतं ते अगदी असंच. चिंध्या, दोरा, निंब. ज्याच्यावर करणी करायची त्याच्या नावाने टाके घालतात.

म्हणजे बारा दिवसांवर भागलं नव्हतं. माझं अंग काढून घ्यायला हे अंथरुणाखाली जपून ठेवलं होतं. इतकी वर्षं मी ह्या बाईच्या हाताचं खाल्लं.

कोणाला बोलले नाही. पाणी तापवायच्या चुलीत टाकला. कापूस होता आत, भडकन पेटला. राख होईपर्यंत उभी राहिले.

१४ डिसेंबर

करणी उलटली! आत्याबाई दोन दिवस बाजेवर पडून आहेत. उठल्या की अंथरूण झटकतात, कोपरे चाचपडतात, आणि मला काही विचारत नाहीत. विचारणार कशा? चोराच्या मनात चांदणं. मी उंबऱ्यात बसून वांगी चिरत होते, मुद्दाम हळूहळू चिरली.

कडी ठीक. खेपा आठ, पण आज जड वाटल्या नाहीत.

१७ डिसेंबर

आत्याबाई कोपऱ्यात पाठ करून काहीतरी शिवायला बसल्या होत्या. त्यांना जवळचं दिसत नाही. मला म्हणाल्या, "विमल, एवढी सुई ओवून दे वं."

नवा गोळा करायचा असेल. मी म्हणाले, "बाळ रडतंय," आणि उठले. दुपारी त्या मागे गेल्या तेव्हा सुई उचलून कौलात खोचून ठेवली. सिंधूताई समोरच होती, तिचे डोळे चांगले आहेत. लेकीला का सांगत नाहीत कोण जाणे.

१४ जानेवारी १९६५

संक्रांत. मधले बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं, ते मनात घोळवत होते.

आज वाण लुटायला बाया आमच्या ओसरीवर जमल्या. अन्नपूर्णाबाई सिंधूताईचं पोट पाहून म्हणाल्या, "आठ दिवसाच्या आत मोकळी होते आता. झुंबरबाई, विहीर कधी पुजता मंग? सव्वा महिन्यानं?"

आत्याबाईंनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "आमच्या घरी बाराव्याच दिवशी पुजतात. आत्याबाईंची तशीच पुजली, माझी तशीच पुजली. तेव्हा बारावा दिवस मोजून सगळ्यांनी यायचं, हेच बोलावणं समजा."

मी सगळ्यांना कुंकू लावून पक्कं केलं. एक घर सोडलं नाही. आत्याबाईंच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. भर बायकांत 'ती आमची रीत नव्हे' म्हणाल्या असत्या तर सुनेच्या वेळी काय होतं ते सांगावं लागलं असतं. अडकल्या. तीळभरसुद्धा गोड बोलायची इच्छा नव्हती आज.

१७ जानेवारी

सिंधूताईला मुलगी झाली. फार हाल झाले. मी तिला धरून बसले होते. तिने माझ्या मनगटात नखं रुतवली. बाळ बाहेर आलं तेव्हा सगळ्यांत आधी "वयनी" म्हणाली, आई म्हणाली नाही.

बारावा दिवस गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला.

२४ जानेवारी

आत्याबाई आज मला एकटीला गाठून म्हणाल्या, "विमल, तू बायांले सांग ना, पोरीले ताप हाये म्हना. विहीर मागून पुजू."

मी म्हणाले, "ताप कुठाय तिला?"

"नाही. पन तू सांग ना वं."

"माझ्या वेळी ताप होता, आत्याबाई. तुम्ही हात लावून पाहिलाही नाही."

त्यांनी डोळे खाली घातले. ह्या एका क्षणासाठी मी पाच महिने वाट पाहत होते. बाळाला पाजायला बसले तर दूध भरभरून आलं. पण रात्रीचं जेवण गेलं नाही. पित्त असेल, डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

२८ जानेवारी

आज सगळं झालं. सुरुवातीपासून लिहिते.

सकाळी नऊ वाजता बाया जमल्या, वीस-पंचवीस तरी. सिंधूताईला नवं लुगडं नेसवलं. तिचा चेहरा भाकरीच्या पिठासारखा पांढरा होता, पण हसत होती, तिला वाटत होतं हे लाडच आहेत. विहिरीच्या काठावर खडे मांडले, हळदकुंकू झालं, नारळ फोडला, घुगऱ्या वाटल्या. मी स्वतः पोहरा सोडून हंडा भरला. उचलायची बंदी मला आहे, पण हा एक हंडा मी माझ्या हाताने भरणार होते.

सिंधूताई वाकली. हंड्याच्या गळ्याला हात घातला. तेवढ्यात आत्याबाई ओरडल्या, "थांब वं सिंधे!"

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "काऊन? घरची रीत हाये ना? का सुनेले एक अन् लेकीले एक?"

बाया हसल्या. मी हसले नाही, पण आतून पेढे वाटत होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. काय ते बोलाच आता, सगळ्यांसमोर.

त्या बोलल्या नाहीत. पुढे आल्या, सिंधूताईला बाजूला सारलं, आणि स्वतः हंडा उचलला. कमरेवर घेतला. दोन पावलं चालल्या आणि मटकन बसल्या. हंडा गडगडत गेला, सगळं पाणी त्यांच्या अंगावर. दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरलेले, तोंडातून आवाज नाही. मला वाटलं नाटक. मग लुगड्यावर पाण्यात रक्त दिसलं.

अन्नपूर्णाबाईंनी आणि मी त्यांना गोठ्याच्या आडोशाला नेलं. लुगडं मीच सोडलं.

माझं कैरीएवढं होतं. त्यांचं त्याच्या दुप्पट, वाळलेलं, घासून घासून जखमा झालेल्या. हात लावायची हिंमत होईना. अन्नपूर्णाबाई तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "अवो झुंबरबाई, हे कवापासून?"

"हिंमतच्या वक्तापासून. तीस वर्सं झाली."

मला पाटावरची भाकरी दिसली, भिंतीवरचा हात दिसला, पहाटेची फडकी दिसली. सगळं ह्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

अन्नपूर्णाबाई गरम पाणी आणायला गेल्या तेव्हा मी विचारलं. ओरडलेच, "मग माझी विहीर का पुजली बाराव्या दिवशी? तुम्हाला तर ठाऊक होतं!"

त्यांनी गोठ्याच्या कुडाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "माह्या सासूनं पुजली माही. कोनी थांबवलं नाही. ते तं मरून गेली, तिले काय करू? तू आली अन् मले वाटलं, माह्या वक्ती कोनी थांबलं नाही, तं म्या हिच्यासाठी काऊन थांबू. असं वाटलं मले. खोटं काऊन सांगू." मग थोड्या वेळाने, "तुले असं होईन असं नव्हतं वाटलं वं. तू धडधाकट व्हती."

शिव्या पाच महिने पाठ करून ठेवल्या होत्या, एक आठवली नाही.

त्याच पुढे म्हणाल्या, "फडक्याचा गोळा व्हता माह्याजवळ. तो आत ठेवला की धकून जाये. कुठी गेला देव जाने. दीड महिन्यापासून हाल चालू हायेत माहे."

चुलीचं मी सांगितलं नाही.

मळ्यातून हे आले. पडलेला हंडा, चिखल, बाया उभ्या, सिंधूताई रडतेय. "काय झालं?" आत्याबाईंना आम्ही दोघी धरून ओसरीवर आणत होतो. त्यांनी तिथूनच सांगितलं, "हिंमत, तो हंडा उचल. पानी भर."

"मी?"

"तूच. तुले जनमतानीच हे झालं मले. आता घरात पानी भरासारखी एकबी बाई राह्यली नाही. सिंधू सव्वा महिना खोलीत राहीन. भर."

हे माझ्याकडे पाहू लागले, मी सोडवीन म्हणून. मी पायरीवर बसले आणि बाळाला मांडीवर घेतलं. वीस-पंचवीस बाया जागच्या हलल्या नाहीत. ह्यांनी हंडा भरला, डोक्यावर घेता येईना, खांद्यावर घेतला, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "थांबा हिंमतराव, कुंकू लावू द्या. तुमची विहीर पुजली आज."

आयुष्यात इतकी कोणाला हसले नव्हते. हसताना कडी जागेवर राहिली, हेही लिहिते.

२९ जानेवारी

आज शुक्रवार. ह्यांनी पाच खेपा केल्या. पाचव्या खेपेनंतर कंबर धरून बसले आणि म्हणाले, "बुलढान्याचं कधी म्हने ते डॉक्टरीण?" मी म्हणाले, चैत्रात. "अन् मायचं?" मी म्हणाले, ते तिलाच विचारा. उठून विचारायला गेले नाहीत, लाजले.

आत्याबाई कूस बदलतानाही कण्हतात. मी हळद घालून पाणी गरम करून देते, बोलत नाही. त्यांच्याशी गोड बोलावं असं अजून मनात येत नाही. माझे अडीच महिने, रोजच्या दहा खेपा, ते कुठं जाणार? त्यांना कळलं म्हणून माझं अंग आत गेलं नाही.

पण चुलीसमोर बसलं की ती राख आठवते.

२ फेब्रुवारी

उद्या मेहकरला जायचं. मोटारीत खिडकी मिळाली नाही तर मला पुन्हा उलट्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझी कडी बदलायची, आणि आत्याबाईंना दाखवायचं. नको नको म्हणत होत्या, मोटारीत धक्के बसतात. आता ते नाटक वाटत नाही.

धक्क्यांसाठी काहीतरी हवंच होतं. पेटीतून हिरवं लुगडं काढलं, माझ्या बाराव्या दिवशी त्यांनी नेसवलेलं तेच. पदराकडून हातभर फाडलं. उकळून, वाळवून, तुरटीच्या पाण्यातून काढलं. कौलातली सुई काढली. मऊ कापूस भरला, टाके बारीक घातले, एका अंगाला बोटभर दोरी सोडली. डॉक्टरीणबाई रागावतील, पण मेहकरपर्यंतचं तरी भागेल.

दुपारी त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिला. उलटा केला, दोरी ओढून पाहिली. मग माझ्याकडे मान वर केली.

"म्या तं तुले कधी दाखवला नाही," त्या म्हणाल्या. "एवढाच व्हता तो. दोरीबी एवढीच."

मी खाली पाहत राहिले. बाहेर ह्यांच्या हंड्याचं पाणी रांजणात पडत होतं. मला वाटलं आता तोंडावर फेकून मारतील. मारला असता तरी चाललं असतं.

त्यांनी गोळा कनवटीला खोचला.

"उद्या मोटारीत," त्या म्हणाल्या, "खिडकीजवळ मी बसीन."

मी हो म्हणाले.